चारशे साठचा आकडा

शनिवार, २ मार्च

धडधडीत खोटं! एका चार्जिंगमध्ये चारशे साठ किलोमीटर म्हणे. माहितीपत्रकावर हा एवढा ठळक आकडा, खाली डोंगरमाथ्यावर चकचकीत एसयूव्ही आणि दात दाखवत उभं असलेलं कुटुंब. आज मी आईकडे पोचले. एकशे पंचावन्न किलोमीटर, त्यात घाट. सकाळी बॅटरी शंभर टक्के होती, दारात उभी राहिले तेव्हा त्रेचाळीस! उद्या परत कशी जाणार? ढकलत?

आईच्या गावात चार्जर नाही. घाटाच्या पायथ्याशी एक आहे, पण तो कधीचा बंद. कुणीतरी त्याच्यावर पँट वाळत घातली होती. आईच्या घरात वायर लावून बघितली, तर अख्ख्या घराचे दिवे गेले. आई म्हणाली, "राहू दे ग, मेणबत्त्या आहेत."

रविवार, ३ मार्च

घर तीस-पस्तीस किलोमीटरवर असताना गाडीने मान टाकली. ट्रकवर चढवून आणली. मी ट्रकवाल्याशेजारी, नवीकोरी गाडी मागे. लाज? अजिबात नाही. राग!

नवऱ्याने लगेच दादाला कळवलं. घरचा भेदी! दादाचा फोन आलाच — "झाली हौस? दर रविवारी अशी ट्रकवरून येणार का?" आई बाथरूममध्ये घसरून पडली तेव्हापासून त्याचं एकच तुणतुणं : आईला माझ्याकडे आणतो, ते घर विकून टाकू. मी म्हटलं, आई कुठेही जाणार नाही, दर आठवड्याला मी जाईन. त्यासाठीच तर ही गाडी घेतली.

"ठीक आहे. महिनाअखेरपर्यंत एकदा, फक्त एकदा, एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन दाखव. नाहीतर आईला मी घेऊन येतो."

दाखवतेच!

मंगळवार, ५ मार्च

शोरूममध्ये गेले. टायवाला म्हणाला, "मॅडम, तो आकडा प्रयोगशाळेतला असतो."

"मग काय, प्रयोगशाळेत चालवू गाडी?"

"तसं नाही... तुमचा पाय जरा जड पडत असेल."

माझा पाय! वीस वर्षं गाडी चालवतेय, अजून कुणाच्या आरशालासुद्धा धक्का लावला नाही. मी एवढ्या मोठ्याने बोलले की शेजारच्या टेबलावरचं नवीन गिऱ्हाईक सह्या करायचं थांबलं. मग मात्र टायवाला झटक्यात शिकवायला लागला — वेग साठ ठेवा, एसी बंद, काचा वर, टायरमध्ये हवा नीट, सामान कमी. म्हणजे थोडक्यात, गाडी घ्या आणि तिच्यात सुखाने बसू नका!

करीन. तेही करीन.

शनिवार, ९ मार्च

डिकी रिकामी केली. छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, जुनी सतरंजी, सगळं बाहेर. नवरा म्हणाला, "आता मीही उतरू का?" म्हटलं, उतर. उतरला बिचारा. त्र्याऐंशी किलो वाचले.

साठच्या वर गेले नाही. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले, एकाने तर काच खाली करून काहीतरी ठेवणीतलं सुनावलं. सुनाव बाबा! माझी काच वर होती. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला. पोचले तेव्हा पन्नास टक्के!

आईने शिलाई मशीन काढून ठेवलं होतं. "हे घेऊन जा तू. आणि ती जाड रजईही." अग, मशीनचं वजन किती, रजईला जागा किती! म्हटलं, आई, मी इथून रुमालसुद्धा नेणार नाही. तिने मशीनवर परत कापड घातलं.

रविवार, १० मार्च

सात किलोमीटर कमी पडले. सात! परत तोच ट्रकवाला. आता मला ताई म्हणतो.

गुरुवार, १४ मार्च

दिवसभर दुकानात लोकांचे चष्म्याचे नंबर काढले, डोक्यात मात्र घाटातली वळणं. कुठे पाय सोडायचा, कुठे किती दाबायचा. दादाचा मेसेज — "घराला गिऱ्हाईक मिळतंय. हट्ट सोड."

हट्ट तर हट्ट! त्या घराच्या दाराला कुलूप लागलेलं मला बघवणार नाही. मी जाईन तेव्हा दार उघडं पाहिजे आणि आत आई पाहिजे. बस्स.

शनिवार, १६ मार्च

चौपन्न टक्के! दारातच ओरडले. आई बाहेर आली, हसली. मी आधी टायर बघितले, मग चहा घेतला.

चहा घेताना आई म्हणाली, "दादाच्या इमारतीत संध्याकाळी बायका खाली बाकावर बसतात म्हणे. गप्पा मारतात." दादाने कान भरलेत हिचे! मी म्हटलं, तू काळजी करू नकोस आई, मी त्याची डाळ शिजू देणार नाही. ती कप विसळायला उठली.

उद्या पहाटेच निघते. रस्ता मोकळा असतो तेव्हा गाडी कमी खाते.

रविवार, १७ मार्च

जिंकले!!

घाट उतरताना गाडी आपली आपणच चार्ज होत गेली, बॅटरी दोन टक्के वाढली, डोळ्यांदेखत. शेवटच्या चौकात आकडा लाल झाला, सिग्नलही लाल. हात घामाने निसरडे. गल्लीत शिरले, फाटकातून आत आले, तीन टक्के! नवरा धावत आला. आकड्याचा फोटो काढून तिथल्या तिथे दादाला पाठवला.

दादाचा फोन — "मानलं बाई तुला. राहू दे आईला तिथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही." शब्दन् शब्द त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला!

लगेच आईला फोन लावला. "आई, मिटलं! आता तुला कुणी तिथून हलवणार नाही." ती रडायला लागली. मलाही भरून आलं. आनंद असा असतो.

सोमवार, १८ मार्च

रात्रीपासून ते रडणं कानातून जाईना. सकाळी फोन करून विचारलं, आई, तुला कुठे राहायचंय? एवढ्या भांडणात कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

म्हणाली, "मला दादाकडे जायचं होतं ग. पडल्यापासून इथे एकटीला फार भीती वाटते. पण तू एवढी गाडी घेतलीस..."