डोळ्यांची आखणी

६ जुलै

आजपासून माझा स्वतःचा स्टुडिओ! कांजूरमार्गच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तळमजल्याचा गाळा, पुढे लोखंडी शटर, उत्तरेला भलीमोठी खिडकी आणि दिवसभर एकसारखा उजेड. चित्रकाराला आणखी काय हवं? वारा फिरला की जवळच्या डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येतो, पण मुलुंडच्या घरात आईच्या शिवणयंत्राला खेटून कॅनव्हास उभा करण्यापेक्षा वास परवडला. पवईची नोकरी सोडली तेव्हा आईने अबोला धरला होता. आज तिनेच डब्यात साखरभात भरून दिला आणि वर म्हणाली की गंधाली, आता तरी नाव काढ.

गाळा दत्ताराम परबांचा. मूळचे कणकवलीकडचे, एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. इथे त्यांचा पुतळ्यांचा कारखाना होता. गणपतीत मंडळांचे जे देखावे असतात ना, त्यांतली माणसं इथे बनायची. मोटारीवर मान हलवणाऱ्या आज्या, जातं फिरवणाऱ्या बायका. आता काम बंद झालंय. एकच पुतळा उरलाय, पाटावर बसून हनुवटीला हात लावलेली बाई. दाराकडे बघतेय, म्हणजे डोळे असते तर बघत असती. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग आहे.

परबकाका म्हणाले, "ह्येचे डोळे ऱ्हवले गो. खंडून काढूकच नाय." खंडू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, कारखान्याचा आखणीवाला. डोळे काढायचं काम फक्त त्याचं, आणि तेही सगळ्यात शेवटी. डोळे झाले की पुतळा कारखान्यात ठेवायचा नाही. तोंडावर कापड टाकून बाहेर काढायचा आणि कापड मंडळात गेल्यावरच सोडायचं, अशी त्यांच्या घरातली रीत. मी म्हटलं, बाई राहू द्या इथेच. फुकटची मॉडेल, चहा मागत नाही आणि सारखी मोबाइलमध्ये बघत नाही.

१० जुलै

काम सुरू. मी कॅनव्हासला आधी गेरूचा पातळ हात मारते, कारण पांढऱ्यावर पहिली रेघ चुकल्यासारखीच दिसते. मग कोळसा, मग फडकं. खरं सांगायचं तर मी काढते कमी आणि पुसते जास्त. पुसता पुसता जे उरतं ते माझं चित्र.

नोव्हेंबरात पहिलं प्रदर्शन आहे आणि विषय आहे वाट बघणाऱ्या बायका. तो सुचला आईवरून. बाबांना उशीर झाला की ती खिडकीत उभी राहायची, हातात फोन, पण फोन करायची नाही. ते उभं राहणं मला अजून जमलेलं नाही. पाटावरच्या बाईमुळे अंग तरी झकास उतरतंय. खांदे, पोक काढलेली पाठ, पदराचा बोळा, सगळं. चेहऱ्यापाशी आलं की मात्र वाट लागते. शेवटी तिच्या शेजारी आरसा टांगला. मॉडेलचे डोळे मिळत नसतील तर स्वतःचे वापरायचे, ही आम्हा पोर्ट्रेटवाल्यांची जुनी सवय.

१७ जुलै

आज एक आगाऊपणा केला. कुणाचं अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही. बारीक ब्रश घेतला, आरशासमोर बसले आणि बाईचे डोळे रंगवून टाकले. अगदी माझे. उजव्या बुबुळातला तपकिरी ठिपकासुद्धा सोडला नाही. मागे सरकून बघितलं तर अंगावर काटा आला, पण आनंदाचा. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

काकांना फोटो पाठवला. ते इतके खूश झाले की लगेच फोन केला. गोवंडीच्या एका मंडळाला देखाव्यात आई हवीच आहे, त्यांना दाखवतो म्हणाले. मी म्हटलं, खुशाल दाखवा.

२३ जुलै

चित्रं धडाधड होतायत. चेहरेही जमायला लागले. प्रदर्शनाची काळजी मिटली.

एक गंमत. काल घरी कणीक मळताना क्षणभर समोरची परात नाहीशी झाली आणि गाळा दिसला. माझा ईझल, शटर, खिडकीतला उजेड, सगळं स्वच्छ. शर्मिष्ठाला फोन करून सांगितलं. आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, ती कुणाचंच फार मनावर घेत नाही. म्हणाली, कामात बुडालीयस यार, एन्जॉय कर ना, आम्हाला तर स्वप्नातपण एक्सेल दिसतं. खूप हसलो.

नंतर एवढंच मनात आलं की मला ईझल खालून दिसत होता. पाटावर बसल्यावर दिसेल तसा.

२९ जुलै

आता रोज होतं. आज सकाळी चहा ओतताना कप गेला, आणि बंद शटर, फटीतून येणारी उजेडाची रेघ आणि माझं टेबल दिसलं. टेबलावर एक घूस चढली. तिने निळ्या रंगाची बाटली पाडली आणि रंग माझ्या नव्या कागदांवर पसरला. इकडे चहा ओट्यावर सांडला. आई ओरडली, लक्ष कुठेय तुझं?

धावतपळत गाळ्यावर आले. बाटली आडवी पडलेली, कागद निळे. मी खुर्चीवर बसून राहिले. पुतळ्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डोळे उत्तम, नंबरही तोच. स्क्रीन कमी बघा म्हणाले.

२ ऑगस्ट

काका बाईला बघायला आले आणि आरसा दिसताच त्यांनी कपाळाला हात लावला. कारखान्यात आरसा कधीच ठेवत नव्हते म्हणे. आखणीच्या दिवशी खंडू दाढीसुद्धा करायचा नाही, स्वतःचं तोंड बघायचंच नाही म्हणून. डोळे मनानं काढायचे, कुणाचे काढायचे नाहीत. का ते काकांना ठाऊक नाही, वडील सांगायचे म्हणून पाळायचं. याच बाईच्या वेळी खंडूला डोळे सुचेनात. त्याने आरसा मागवला, त्यात एकदा बघितलं आणि काम टाकून गावी निघून गेला, तो परत आलाच नाही.

मी विचारलं, बाईचं पुढे काय होणार? पंधरा ऑगस्ट झाला की गोवंडीवाले नेतील, म्हणाले; त्यांचा मांडव उभा राहीपर्यंत ती इथे ठेवावी लागतेय, तेही नाइलाजाने. आणि गणपतीनंतर? ते हसले. मंडळांकडे ठेवायला जागा कुठे असते? देखावा उतरला की फोडून टाकतात.



५ ऑगस्ट

घरी आता काहीच दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण गाळाच दिसतो. जिना आला कुठे, गॅस कुठे, आईचा चेहरा कुठे, सगळं अंदाजाने. गाळ्यात आले की अधूनमधून माझे डोळे परत येतात, थोडा वेळ.

म्हणून इथेच राहायला आले. आईला सांगितलं प्रदर्शनाचं काम आहे. मी घाबरलेय. फार घाबरलेय. हे निदान इथे तरी लिहून ठेवते.

८ ऑगस्ट

उपाय सोपा वाटला होता. पुसायचं. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?

फडक्याला टर्पेंटाइन लावलं आणि तिचा डावा डोळा पुसला. माझ्या डाव्या बाजूला अंधार झाला. काळासुद्धा नाही, काहीच नाही. तिथे कधी डोळा नव्हताच असं वाटलं. रडत रडत पुन्हा काढला, पुन्हा पुन्हा काढला. छान निघतो, हुबेहूब निघतो. त्यातून दिसत मात्र नाही.

उजव्याला हात लावायची हिंमत नाही. माझ्याकडे तेवढाच उरलाय.

११ ऑगस्ट

माझे डोळे आता परत येत नाहीत. तिला ओढून माझ्या खुर्चीमागे आणलं, खाली खोकी रचून उंच बसवलं. आता तिला माझ्या खांद्यावरून वही दिसते. तसं लिहितेय. समोर माझीच पाठ, सुटलेले केस, ब्लाउजवरचा रंग. आणि मी खरंच पोक काढून बसलेय. हे चित्र आधी जमलं असतं तर—

काकांना सगळं खरं सांगितलं. पाया पडले. पुतळा मला द्या म्हटलं, माझी सगळी चित्रं घ्या आणि हा द्या. आवाजावरून कळलं की त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "बाय माझे, मंडळाक शब्द दिलोसा. आणि डोळे झालेली बाई हंय ठेवूची नाय, ती रीत मी मोडूचय नाय." मग बाहेर जाऊन त्यांनी आईला फोन लावला. बाई गेली की पोरीला घरी न्या, असं सांगत होते.

घरी नेतील. मला मुलुंडला आणि तिला गोवंडीला.

१४ ऑगस्ट

काकांनी आज मोटार तपासली. बाईच्या मानेत मोटार आहे हे मी विसरूनच गेले होते.

बटण दाबलं आणि सगळं फिरायला लागलं. भिंत, खिडकी, काका, भिंत. पुन्हा काका, खिडकी, भिंत. मी डोळे गच्च मिटले. मिटून काय उपयोग? तिचे उघडेच. जमिनीवर बसून ओकले. बंद करा म्हणून ओरडले तेव्हा त्यांनी घाईने बंद केलं.

देखाव्यात ती सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते.

१५ ऑगस्ट

शटर आतून लावलंय, टेबलही त्याला लोटून ठेवलंय आणि तिला पुन्हा माझ्या मागे बसवलंय. बाहेर झेंड्याची गाणी चाललीयत. वारा फिरला वाटतं, डम्पिंगचा वास येतोय. फोडलेलं सगळं तिकडेच जात असेल.

आखणी चांगली झाली असं मीच म्हटलं होतं. एवढी चांगली करायची गरज नव्हती.

१६ ऑगस्ट

टेम्पो आलाय. आवाज येतोय.

काका शटरवर थापा मारतायत. आईसुद्धा आहे. गंधाली, उघड गं राणी, आपण डॉक्टरकडे जाऊ, असं म्हणतेय. आई, मला तुला बघायचंय. एकदाच. तू आत ये, इथे टेबलापाशी उभी राहा, तिच्यासमोर—

शटर उचकटतायत.

आले. मंडळाची चार-पाच मुलं, दोर घेऊन. आईने मला मागून मिठी मारलीय. मला तिची पाठच दिसतेय, आई, वळ ना, जरा वळ. वळत नाही, मला सोडत नाही. मी लिहितेय म्हणून हात धरत नाही एवढंच—

काकांच्या हातात पांढरं कापड. सांगतेय त्यांना, नका, तोंड झाकू नका, पाया पडते. ते म्हणतायत रीत आहे बाय, रीत—

आई वळली. आईचा चेहरा. किती म्हातारी झा—

कापड खाली येतंय. पान अजून दिसतंय, अर्धं. ओळ सरळ जातेय का ते आता मला