केळशीचे सहा व्हॉल्व्ह आणि एक अट

४ मे
पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीत आलो ते योग्यच केलं. आता स्वतःचं प्रॉडक्ट! श्रीपतीकाकांच्या केळशीच्या बागेतल्या आंब्याच्या कलमांना आपोआप पाणी देणारा कंट्रोलर. सहा व्हॉल्व्हची शून्य ते पाच अशी एक यादी, म्हणजे अ‍ॅरे, सी भाषा. किरकोळ काम. उद्यापासून पहाटे उठणार.

६ मे, सकाळी ११
उठलो. घामाने डोकं चालत नाही. एकामागून एक व्हॉल्व्ह उघडणारा लूप झाला. बंद करणारा उलटा, पाचपासून शून्यापर्यंत. काउंटर मुद्दाम अनसाइन्ड घेतला. तो उणे होऊच शकत नाही, म्हणजे अ‍ॅरेबाहेर जायची भीती नाही.

दुपारी
कंपायलरची वॉर्निंग : लूप चालू ठेवणारी 'काउंटर शून्य किंवा जास्त' ही अट नेहमीच खरी आहे. नेहमी खरी! आणखी काय हवं? बायको, ऋजुता, कॉलेजात हेच शिकवते. म्हणाली, "नेहमी खरी, तर लूप थांबणार कधी?" म्हटलं, घरात कॉलेज नको.

८ मे
मन लागत नाही. बसलो की चहा हवा, चहा झाला की फेरी. वॉर्निंग्ज बंदच करून टाकल्या. स्क्रीन एकदम स्वच्छ. कोड सुधारल्यासारखा वाटतो.

१० मे, केळशी
कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून बसवला. व्हॉल्व्ह उघडले, पाणी आलं. बंद होईपर्यंत थांबलो नाही, एसटी चुकली असती. काका म्हणाले, "मे महिना आहे हो. घरचं प्यायचं पाणीही ह्याच टाकीतलं." निर्धास्त राहा म्हटलं.

११ मे, सकाळी
काकांचा फोन. "अरे, बंद होतं नि परत चालू होतं! टाकी खडखडीत. कलमं पोहतायत, घरात पाहुणे!" व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार, असं सांगितलं. प्लग काढायला सुचवलं. तो वासंतीकाकूने आधीच काढला होता.

दुपारी
ऋजुताने वॉर्निंग्ज चालू केल्या. उणे न होणारा काउंटर शून्याखाली गेला की थेट अब्जावधीवर उडी मारतो म्हणे. मग अ‍ॅरेबाहेर भलतीकडे लिहितो, कंट्रोलर रीस्टार्ट होतो आणि पुन्हा पाणी सोडतो. तिने एकच ओळ बदलली : आधी काउंटर शून्याहून मोठा आहे का बघायचं, मगच एक वजा करायचा. मीही त्याच दिशेने जात होतो.

१४ मे
एकही वॉर्निंग नाही. सगळ्या चालू ठेवून! लगेच काकांना फोन केला, उद्याच येतो म्हटलं.
काका म्हणाले, "सावकाश ये रे. आम्ही घालतो झारीने. तुझा डबा मात्र झकास हो, मुंगी शिरत नाही. काकूने आतलं सगळं काढून खडीसाखर भरल्ये."