मोतीमहालातली काळी रीळ

॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर
५ डिसेंबर १९५६

प्रिय मधू यास,

उमाजीचा नमस्कार. इकडे घरी सगळ्यांचं ठीक आहे. तुम्ही तिघंही भोपाळच्या पाण्याला रुळला असाल असं धरून चालतो. काकूंच्या लोणच्याच्या बरण्या धड पोचल्या का? मी त्या बाकाखाली चेपून ठेवल्या होत्या, पण समोरच्या माणसाने त्यांच्याच अंगावर ट्रंक लोटली. परत डब्यात चढून त्याच्याशी भांडायला हवं होतं, तर गाडी सुटली.

थंडी यंदा लवकर पडली आहे. तुमच्या रिकाम्या घरात अजून कुणी आलेलं नाही. भाड्याने देण्याच्या पाट्या गल्लीगल्लीत लागल्या आहेत, घ्यायला माणूस नाही. मोतीमहालासमोरचा पानवाला दुपारी झोपा काढतो. परवा मला म्हणाला, "भैया, राजधानी क्या गई, हमारा तो चूना सूख गया." मी हसलो आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

गोविंदाने वादविवाद मंडळाचं चिटणीसपद मिळवलं आहे, त्यामुळे आता तो तीन माणसांसमोरसुद्धा सभेत असल्यासारखा बोलतो. दुर्गा वर्गात येते, पण आपल्या चित्रपटाचं नाव कुणी काढू देत नाही. चित्रपटासाठी लिहिलेली ती वही तिने माधवराव सरांना परत दिली. कव्हरावर आपल्या चौघांची नावं होती ना, तुझ्या नावावर तिने रेघ मारली आहे. ती रेघ मी पाहिली आहे.

हे पत्र मी शनिवारपासून लिहितो आहे. एवढ्या ओळी लिहायला पाच दिवस लागत नाहीत, हे तुलाही कळतं. तेव्हा मूळ गोष्टीवर येतो.

शुक्रवारी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मुंबईच्या त्यांच्या मित्राला, त्या स्टुडिओवाल्याला, कॅमेरा खात्यात शिकाऊ उमेदवार म्हणून एक मुलगा जानेवारीपासून हवा आहे. पंधरा तारखेपर्यंत नाव कळवायचं. सर म्हणाले, "आधी मधुसूदनचं नाव मनात होतं. पण ज्याच्या हातून रीळ जाते त्याची शिफारस मी कोणत्या तोंडाने करू? तुझं नाव देतो." मधू, मी तेव्हा 'नाही' म्हणालो नाही. 'विचार करून सांगतो' म्हणालो. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, एवढा वेळ मी विचार केला. मुंबईचासुद्धा केला, खोटं कशाला बोलू? स्टुडिओत मी कोणते कपडे घालून जाईन इथपर्यंत केला.

आता सगळं ओळीने सांगतो. तुला त्यातलं बरंचसं माहीत आहे. पण ते तू ओळखलेलं आहेस, मी सांगितलेलं नाही.

१२ ऑक्टोबरचा तो शुक्रवार आठव. आपल्याकडे एकच रीळ, जेमतेम चार मिनिटांची, आणि तुझ्या बाबांचा मोतीमहालाच्या दफ्तरातला शेवटचा दिवस. सकाळपासून एक गोष्ट सरळ झाली नव्हती. खोलीत उजेड नाही म्हणून गोविंदाने घरच्या कपाटाचा आरसा उपसून टांग्यातून आणला आणि व्हरांड्यातलं ऊन आत फेकलं. कारकून माना वळवून वळवून कॅमेऱ्याकडे बघत होते. दुर्गा हात जोडून सांगत होती, "काका लोग, आप बस अपना काम कीजिए ना!" आणि तेवढ्यात तुझे बाबा आले, डोक्यावर दरबारची पगडी, जी त्यांनी संस्थान गेल्यापासून आठ वर्षांत बाहेर काढली नव्हती. तू म्हणालास, "बाबा, कॅमेऱ्याकडे बघू नका." तर म्हणाले, "अरे, तीस वर्षं साहेबांकडे न बघताच काम केलंय मी."

मग त्यांनी शेवटचा मोडी कागदांचा गठ्ठा लाल रुमालात बांधला. गाठ मारली, ती पसंत पडली नाही म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. मेजावरून हात फिरवला. दाराशी जाऊन एकदा मागे वळले. हे वळणं दुर्गाच्या वहीत नव्हतं. तुझा डोळा कॅमेऱ्याला होता आणि गालावरून पाणी ओघळत होतं, तरी हात हलला नाही. मी स्टँड धरून तुझ्या शेजारी उभा होतो. असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तू कॅमेरा मला दिलास. तुमच्या घरात पेट्या, पोती, सामानाचा पसारा, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे खंडेनवमी. मीच हौसेने म्हणालो होतो, की शस्त्रांसोबत आपल्या शस्त्राचीही पूजा होऊ दे. तू हसून म्हणालास, "कर पूजा. फक्त झाकण उघडू नकोस. रीळ अर्धी बाकी आहे, दसऱ्याच्या स्वारीसाठी ठेवलीय." कॅमेरा माझ्याकडे आहे हे आपल्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबा तुला माहीत आहेत. पलटण मोडून पाच वर्षं झाली, तरी खंडेनवमीला ते पहाटे उठून तलवारी घासतात, बंदूक उघडून नळीतून आरपार बघतात आणि मगच पाटावर ठेवतात. भरलेलं हत्यार पूजेला लावायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. त्यांनी झेंडूच्या माळेतून मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यात काही भरलंय का?"

मी म्हणालो, "रीळ आहे, आबा."

"मग रिकामा कर."

मी सांगितलं, की उघडला तर खराब होतो. ते म्हणाले, "अंधारात कर. पण भरलेला पाटावर येणार नाही." खरं तर मी कॅमेरा उचलून आत नेऊन ठेवला असता तरी चाललं असतं. पूजा झाली नसती, एवढंच. पण आबांपुढे उभं राहून 'नाही' म्हणायची सवय आमच्या घरात कुणाला नाही. शिवाय मला वाटलं, मला जमेल. तुला शंभरदा पाहिलं होतं.

कोठीच्या खोलीत दार लावून, डोक्यावर रजई घेऊन मी झाकण उघडलं. भरलेलं चाक बाहेर काढलं, तेच, ज्यावर तुझे बाबा होते. घामाने बोटं ओली झाली होती. चाक निसटलं, फरशीवर पडलं आणि गडगडत गेलं. मी अंधारात धडपडलो, माझा खांदा दाराला लागला, दार उघडलं आणि चाक उंबऱ्यावरून अंगणात. सकाळचं लख्ख ऊन होतं, मधू. रीळ उलगडत उलगडत तुळशीपर्यंत गेली. मी तिच्यामागे धावलो आणि तिच्यावर आडवा पडलो, जसा काही मी पडल्याने ऊन परत जाणार होतं. आई म्हणाली, "काय रे हे, पडलास काय?" आबा मंत्र म्हणत होते, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

रीळ पुसून मी हाताने गुंडाळली. पूजा उरकल्यावर तू भरतोस तशी परत भरली. झाकण लावलं. वर कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. स्वारीच्या गर्दीत तू माझ्या खांद्यावर हात ठेवून ओट्यावर चढलास आणि कॅमेऱ्याला चावी दिलीस. मी खाली स्टँड धरून होतो. हत्ती आला, लोकांनी सोनं उधळलं, आणि तू मला विचारलंस, "बाबांचं चांगलं आलं असेल ना रे?" त्या क्षणी सांगता आलं असतं. तुझे बाबा अजून इथे होते. रुमाल होता, गठ्ठा होता, पुढच्या आठवड्यापर्यंत ती खोलीही होती. दुसरी रीळ मागवता आली असती. मी म्हणालो, "एकदम फर्स्टक्लास."

त्या दोन शब्दांबद्दल मी हे पत्र लिहितो आहे. चाक निसटणं माझ्या हातात नव्हतं. हे होतं.

७ नोव्हेंबरला मुंबईहून धुऊन आलेली रीळ सरांनी खिडकीशी धरली. सुरुवातीपासून काळी. शेवटी थोडासा हत्तीचा कपाळपट्टा आणि घोड्यांचे पाय. सर म्हणाले, मधे कुणीतरी झाकण उघडलं आहे. गोविंद तुझ्या अंगावर धावून आला, "अबे, कॅमेरा तो तेरे पास था! किसने खोला?" दुर्गा रडायला लागली. तू कॅमेरा उघडून आत बघितलंस. चाकाच्या खाचेत हळदीची एक अक्षता अडकली होती, ती तू नखाने काढलीस आणि मुठीत घेतलीस. मग माझ्याकडे एकदा पाहिलंस. एकदाच. आणि सरांना म्हणालास, "मीच उघडला होता, सर. बघायला."

मी गप्प बसलो. चार दिवसांनी तू जाणारच होतास, मला याच वर्गात, याच गल्लीत राहायचं होतं, म्हणून तू ते ओढवून घेतलंस, अशी मी माझी समजूत घातली. तुला मुंबईच्या जागेचं माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं, असंही स्वतःला सांगितलं. ते खरं आहे, पण त्याने काही होत नाही. स्टेशनवर काकांनी मला विचारलं, "काय उमाजी, आमचं चित्र आलं का?" आणि माझ्याआधी तूच म्हणालास, "मुंबईला आहे अजून, बाबा." तुझी ट्रंक उचलताना मला तुझ्याकडे बघवलं नाही.

सोमवारी रात्री जेवताना मी आबांना सांगितलं. सगळं. ते जेवता जेवता थांबले, पण ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. काल सकाळी मी सरांकडे निघालो, तर ते पलटणीचा कोट घालून दाराशी उभे. दाल बाजारातून आम्ही दोघं चालत गेलो. सरांच्या ओसरीवर ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "कॅमेरा रिकामा करण्याचा हुकूम माझा होता. शिक्षा मला लागू आहे." मधू, आबा कुणापुढे असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. मी म्हणालो, "सर, हुकूम त्यांचा होता. त्यानंतर गप्प राहा असं मला कुणी सांगितलं नव्हतं."

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "तुझं नाव मी देणार नाही." मी म्हणालो, ते मला नकोच आहे, मधूचं द्या. तर म्हणाले, "तोही माझ्याशी खोटंच बोलला आहे. का बोलला ते मला त्याच्याकडून हवं. त्याने स्वतः लिहिलं तर मी नाव कळवीन." मी हात जोडले, आबांनीही शब्द टाकला. सर बधले नाहीत.

दुपारी मी दुर्गाला आणि गोविंदाला सांगितलं. गोविंदाने माझी गचांडी धरली आणि मग स्वतःच सोडली. दुर्गाने पाठ फिरवली. ती वही सरांकडून मागून आणायचं तिने कबूल केलं आहे, एवढंच.

तर आता सगळं तुझ्या हातात येऊन पडलं आहे, आणि तेही माझ्यामुळे. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. माझं नाव सांगावं लागेल म्हणून तू लिहिणार नाहीस. म्हणून बजावतो, माझं नाव सांगून झालेलं आहे. मी सांगितलं आहे, आबांनी सांगितलं आहे, गल्लीतल्या शेजाऱ्यांपर्यंत गेलं आहे. वाचवण्यासारखं माझं इथे काही उरलेलं नाही. फक्त तुझी जागा उरली आहे.

काकांना खरं काय ते सांग. ते सांगताना माझी बाजू घेऊ नकोस. मी भोपाळला येऊन त्यांच्यापुढे उभा राहीन, ते बोलावतील तेव्हा. काकूंना नमस्कार कसा कळवू ते समजत नाही, तरी कळवतो.

सोबत सरांच्या घरचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा ठेवला आहे. भोपाळहून टपाल तीन-चार दिवस घेतं. मला उत्तर पाठवू नकोस, मधू. आधी सरांना पाठव. पंधरा तारखेच्या आत.

तुझ्या मौनाचा अपराधी,
उमाजी