तू भंगार म्हणालास ते इंजिन

मु. पो. दरी, ता. नाशिक
पाचवी माळ, १९९८

चिरंजीव कोंडाजीस, थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, तिकडे नांदगावात तुम्हीही तसेच असाल. सखूचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, ओव्याचा शेक घे आणि कुरकुर कमी कर. तुझ्या खोकल्याचं विचारत नाही, बिडी सोडली नसशीलच. झाली ख्यालीखुशाली.

आखाजीला मी माहेरी आले, तेव्हा तुझ्या अंगणातल्या मोडक्या टेम्पोला अडखळून माझा अंगठा फुटला. सहा वर्षं तो तिथंच उभा, आत कोंबड्या अंडी घालतात. मी विचारलं, ह्याचं डिझेल इंजिन आमच्या पिकअपला बसेल का, तर तू सगळ्यांदेखत खो खो हसलास आणि म्हणालास, "ने गं आक्का ते भंगार, अंगण तरी मोकळं होईल." (सखूही हसली, पदर तोंडाला लावून. मला दिसलं.) मी त्यातलं 'ने' एवढंच ऐकलं. आमची पिकअप पेट्रोलची, बारा वर्षांची म्हातारी. झेंडू घेऊन नाशकाला जायची आणि झेंडूचं सगळं पिऊन यायची. ह्यांनी ती विकायलाच काढली होती. गाडी गेली की फुलं दलालाच्या दारात ओतायची आणि तो देईल ते मुकाट घ्यायचं. वीस वर्षं मी बाजारात स्वतःच्या पाटीवर स्वतः बसले आहे. मला ते जमायचं नाही.

म्हणून झिपरू मिस्त्रीला बोलावलं. मालेगावकडचा माणूस, बोलणं कमी, तंबाखू जास्त. त्यानं इंजिन हातानं फिरवलं, कान लावला, आणि म्हणाला, "बाई, जित्तं शे." वैद्यानं नाडी धरून सांगावं तसं. माझ्या अंगावर काटा आला बघ. सहा वर्षं ऊन, पाऊस, कोंबड्या, आणि तरी जित्तं! (सांदीत तीन अंडी निघाली. नांदगावहून इथवर खड्डे खात आली, एकालाही चीर नाही. आत काय होतं ते मात्र विचारू नकोस.)

चिंचेच्या फांदीला साखळीची पुली बांधून त्यानं आमचं जुनं इंजिन उपसलं. कोंडाजी, माझी तीन बाळंतपणं झाली, पण असं उघडं पोट मी पाहिलं नव्हतं. बॉनेटमधून खालचं गवत दिसायचं. मग तुझं (म्हणजे माझं) वर गेलं. फांदी करकरली आणि आमचे हे रामराम म्हणत लांब जाऊन उभे राहिले. कुठल्याही संकटात ह्यांचं पहिलं काम तेच. इंजिन चार बोटं लांब निघालं. मी म्हटलं, मग थोडं कापा. झिपरूनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लेकराचा पाय तोडायला सांगितलं. त्यानं रेडिएटर पुढं सरकवला, खाली नव्या पट्ट्या वेल्डिंग करून बसवल्या. वजनानं गाडी नव्या नवरीसारखी मान खाली घालून बसली, तर पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. अकरा दिवस लागले. मी रोज विचारायचे, आज होईल का, आणि तो रोज थुंकून यायचा.

मला खरं नवल वाटलं ते वेगळंच. ह्या इंजिनाला ठिणगी लागत नाही! झिपरू म्हणाला, आत हवा इतकी दाबतात की ती आपोआप तापते, मग डिझेलचा थेंब पडला की पेट घेते. मी जन्मभर चूल फुंकून डोळे घालवले, आणि हे लोखंड नुसतं छाती दाबून जाळ करतं. मी त्याला तीनदा विचारलं. तीनदा तेच म्हणाला.

तरी सुरू होईना. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. झिपरूनं एक नट सैल करून पंप दाबला, तसे बुडबुडे आले, तान्ह्यानं ढेकर द्यावा तसे. मग अख्ख्या वस्तीनं गाडी उतारावर ढकलली आणि एकदम धडधडधड! पुंजामामा मागं उभे होते, धुरानं त्यांचं पांढरं धोतर काळं झालं. पायाखालची माती थरथरत होती. मी चपला काढून हात जोडले.

परवा तिसऱ्या माळेला वीस क्रेट झेंडू भरून पहाटेच निघालो. आमच्या वस्तीपुढचा चढ तुला ठाऊक आहे. तिथं गाडी धापा टाकायची आणि मी उतरून ढकलायचे, इतकी वर्षं. सवयीनं खाली उतरले, हात पुढे केले, आणि गाडी थांबलीच नाही. भरल्या क्रेटांसकट, दमानं, हत्तीसारखी वर निघून गेली. माझे हात तसेच पुढे. मी भर रस्त्यात उभी राहून रडले. (ह्यांना वाटलं मागं राहिले म्हणून रडते. तसंच वाटू दे.)

तुझी सगुणा आक्का

ता. क. – हे वाचून तुला इंजिन परत न्यावंसं वाटेल, मी तुला ओळखते. तर वरचं जरा वाढवून लिहिलं आहे. इंजिन धूर ओकतं, तेल गाळतं, तुझ्यासारखं खोकतं. नेण्यात अर्थ नाही.

ता. क. दुसरा – गाडीच्या पुस्तकात नवा इंजिन नंबर चढवायला आधीच्या मालकाची सही लागते, असं एजंट म्हणतो. परवा पोलिसाची नजर चुकली, दसऱ्याला चुकायची नाही. सही आली नाही तर गाडी दारात आणि अख्खा झेंडू शेतात. कागद सोबत आहे, परतीच्या टपालानं धाड.

आबा गेल्यावर कचेरीत तू माझ्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवलास. मी चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावत होते, तर म्हणालास, "वाचतेस काय आक्का, फुली केलीय तिथं सही कर." मी केली. तू साडी नेसवलीस. चांगली निघाली, अजून नेसते.

तुला टॉवेल-टोपी पाठवली आहे. फुली मी केली आहे. वाचत बसू नकोस.