पांढरी पथरी की हिरवी

१५ एप्रिल
शुद्धलेखनाला कुणी हसू नका. नववीनंतर शाळा सोडली, आणि टाईप एका बोटाने करते, तेपण हळू. ताईने फोनमधे हे उघडून दिलंय. म्हणे बोलत तर नाहीस, लिही तरी, मग मला दाखव.
तर आज आमची पथरी मोडली. धार लावताना वस्तऱ्याला शेवटचा हात ज्या दगडावर देतो ती. गोलूने (धाकटा भाऊ. वय बारा, अक्कल चार) डुगडुगणाऱ्या कूलरच्या पायाखाली लावली होती. कूलरमधे पाणी भरलं आणि कट्ट.
गोलू म्हणतो, "बरं झालं ना, आता दोन झाल्या!" आई लाटणं घेऊन त्याच्यामागे गल्लीपर्यंत. मी रडायच्या बेतात होते, हसूच आलं.

१६ एप्रिल
हसू गेलं. २८ ला साक्रीला ताईच्या बाळाचं जावळ, काढणार नाना, म्हणजे आमचे वडील. ताईच्या सासरी सगळे आमच्याच धंद्यातले, घरटी एक सलून. तिचे सासरे फोनवर नानांना म्हणाले, "नाना, ब्लेडवाला लई या. आते वस्तरा कोन वापरस?" म्हणजे वस्तरा नको, ब्लेडवाला घेऊन या.
नाना पण ताठ. "आमना घरमा जावळले वस्तराच लागस."
फोन ठेवला आणि हळूच माझ्याकडे बघितलं. नानांना चष्मा लावूनही धारेएवढं बारीक दिसत नाही. दुकानातले वस्तरे दोन वर्षं झाली मीच पाजवते, घरी बसून. बाहेर कुणाला माहीत नाही. मांडवभर न्हावी बसलेले, आणि बाळाच्या डोक्यावर एक ओरखडा आला तर... नानांनी वडील म्हणून काय तोंड दाखवायचं.

१८ एप्रिल
पथरीच्या तुकड्यावर बघितलं. जागा बोटभर, वस्तऱ्याचं टोक सुटतं. मग गोलूची पाटी. काळी, गुळगुळीत, म्हटलं जमेल. पाटीत कुठेतरी कडक कण होता, धारेला दात पडले. परत पहिल्या, खरबरीत दगडापासून सुरू.

२१ एप्रिल, सोमवार
दुकान बंद, म्हणून नानांबरोबर एसटीने जळगाव. आमच्या धुळ्यात नुसती ब्लेडं मिळतात. तिथे एक चाचा सलूनचं सामान विकतात. नाना मुद्दाम बाहेर थांबले, "तूच बघ, मी चहा घेतो."
काउंटरसमोर उभी. शेवटी वस्तराच पुढे केला. चाचांनी उघडून उजेडात धरला.
"किसने लगाई धार?"
मी स्वतःकडे बोट दाखवलं.
"हाथ अच्छा है. ज़बान घर पे रखके आई क्या?"
मग म्हटलं. "शेवटची पथरी पाहिजे." एवढंच, पण म्हटलं!
त्यांनी दोन ठेवल्या. एक नवी, पांढरी, अंगाच्या साबणाएवढी. "बारा हजार नंबर, दस मिनट में काम." (नंबर जेवढा मोठा तेवढा दगड बारीक.) दुसरी खणात मागे पडलेली, हिरवट. कुणी म्हातारा कारागीर सोडून गेला म्हणे. "सुस्त है. मगर मीठी है." दोन्ही घेऊन जा, जावळ झालं की एक परत आण, असं ठरलं.

२२ एप्रिल
घोळ! आपल्या जुन्या पथरीला खोबरेल लागायचं. सवयीने पांढरीवर पण ओतलं. ती तर पाण्याची. गटागटा प्यायली, वर वस्तरा नुसता घसरतोय. भांड्याचा साबण आणि गोलूचा दात घासायचा ब्रश घेऊन दुपारपर्यंत घासली. निघालं एकदाचं.
गोलूला ब्रशचं सांगितलेलं नाही.

२४ एप्रिल
नाना म्हणाले माझ्यावर बघ. दोन वस्तरे केले. डावा गाल पांढरीचा, उजवा हिरवीचा. नानांनी स्वतःच दाढी केली, मी आरसा धरला.
पांढरीचा वस्तरा केस टेकायच्या आत उडवतो. पण तुरटी लावली तशी नाना, "स्स्स!" चावतो मेला.
उजवीकडे काहीच नाही. मलाच विचारतात, "झाली का गं इकडची?" झाली होती. फक्त हनुवटीखाली दोन जागी राहिली. आणि हिरवीवर साबणाचा फेस करून दीडशे हात. खांदा गेला.
पांढरी चावते, हिरवी सोडून देते. बाळाला चावलेलं नको, आणि सोडलं तर तिथेच परत फिरवायचं, तेपण नको.

२६ एप्रिल
पांढरीवर फक्त दहा हात. मग हिरवी, सावकाश. मग चामड्याचा पट्टा.
नानांनी दोन्ही गालांवर फिरवला. तुरटी लावली. मी थांबले स्स ऐकायला.
"आई," नाना ओरडले (आईला नाही, नुसतंच), "हे तर लोणी आहे!"
दिवसभर गिऱ्हाइकांना गाल दाखवत होते. का ते सांगितलं नाही.

२८ एप्रिल, साक्री
मांडवात पंधरावीस जण, सगळ्यांची नजर वस्तऱ्यावर. ताईच्या सासऱ्यांनी मागून घेतला, मनगटावर फिरवला, केस फुंकले, परत दिला.
गोलू मामा म्हणून बाळाला मांडीवर घेऊन बसला. नानांचा हात सुरू झाला. बाळाची आत्या पदरात केस झेलत होती. बाळ नानांच्या चष्म्याकडे बघत बोटं चोखत बसलं. रडला फक्त गोलू, बाळाने नव्या पँटवर मुतलं म्हणून.
डोकं चकचकीत. एक ओरखडा नाही. एक!
सासरे: "नाना, हाई धार कोनी लायी?"
"मन्ही पोरनी."
सगळी मुंडकी वळली. मी पाण्याच्या पिंपामागे.
"आठे ये वं पोरी! लपस काय? आम्ही काय पोलीस शेतस?"
गेले. सगळे हसत होते, मी पण. सासऱ्यांनी स्वतःचे पडून असलेले पाच वस्तरे फडक्यात बांधून दिले. "आखाजी व्हवू दे, मंग लायी दे." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, परवाच आहे.

२९ एप्रिल
ताई आणि टकलू आखाजीला आमच्याकडे आलेत. झोका बांधून झाला.
साक्रीचा एक वस्तरा काढला. पोलाद भलतंच कडक, हिरवी त्याला नुसती गोंजारते. पांढरी धरते. पण एकट्या पांढरीने नानांच्या वस्तऱ्यांचं काम होत नाही. दोन्ही पाहिजेत, आणि चाचांना एक परत करायचं कबूल केलंय.
नाना म्हणाले, "फोन कर, विचार दोन्ही ठेवू का."
"तुम्ही करा ना."
"धार तू लावते, फोन मी का?"
तीनदा नंबर दाबून कट केला. चौथ्यांदा लावलाय. स्पीकरवर टाकून इथे लिहितेय. रिंग जातेय. अजून जातेय. "हॅलो, कौन?"

मी बोलले! दोन्ही ठेवू का, इथपर्यंत आले. अर्ध्यातच ते म्हणाले थांब, गिऱ्हाईक आलंय, उलटा फोन करतो. वाट बघते—

अरे, शेजारच्या अक्कांची शेळी व्याली!! तीन पिल्लं, एक पूर्ण काळं. पळाले मी, फोन घेऊनच. चाचांचा आला तर तिथूनच बोलेन.