विजेता संघ आमच्या घरी जेवेल

२ मे १९८४
नगरपालिकेच्या नव्या बागेचं काम आजपासून माझ्याकडे. घसरगुंडी एक, झोपाळे चार (एकाची साखळी यायची आहे), व्हॉलीबॉलचं मैदान एक. मुख्याधिकारी साहेब म्हणाले, दिनकरराव, बाग नुसती बघायला नको, लोक खेळले पाहिजेत. मी जागेवरच प्लॅन सांगितला. वस्तीवार व्हॉलीबॉल स्पर्धा, सगळ्यांना खुली. साहेब खूश. आमच्या देशमुख गल्लीच्या संघाचा कॅप्टन अर्थात मी. उद्यापासून पाचला उठून पळणे.

३ मे, सकाळी पावणेआठ
उन्हाळ्यात पळू नये असं कुठंतरी वाचल्याचं आठवलं. उठल्यावर आठवलं.

५ मे
भीमनगरच्या संघाचीही एंट्री आली. कॅप्टन रंगनाथ, आमच्याच ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदणीला असतो. शेजारचे तात्याराव कुरकुरले, आता यांच्यासंगं खेळायचं का म्हणून. मी स्पष्ट सांगितलं, काळ बदललाय, मी जातबित मानत नाही. रंगनाथ आणि मी सहा वर्षं एकाच किटलीतला चहा पितो. त्याचा कप तो स्वतः धुऊन वेगळा ठेवतो. त्याला तशी सवय आहे. मी कधी सांगितलेलं नाही. राहू दे असंही कधी म्हणालो नाही, पण ते लक्षातच येत नाही.

९ मे
मीटिंग. साहेबांनी विचारलं, जिंकणाऱ्यांना काय देणार? कुणी बोलेना. मी उभा राहून म्हणालो, विजेता संघ आमच्या घरी जेवेल, आमरस-पोळी. टाळ्या पडल्या. तशी नोटीस स्वतःच्या अक्षरात लिहून, शिक्का मारून बागेच्या फाटकाला लावली. अक्षर छान आलंय.

घरी आमच्या सौ.ला, कमलबाईला, सांगितलं. ती म्हणाली, कोण जिंकायलंय ते बघून तरी बोलायचं. बायकांना खेळातलं कळत नाही. जिंकणार आम्ही, जेवणारही आम्हीच.

१३ मे
पहिला सामना जिंकलो. समोरचा संघ पिंगळीला लग्नाला गेला होता. तरी विजय तो विजयच. उद्यापासून दंड-बैठका.

१६ मे
फायनल. भीमनगर विरुद्ध आम्ही. १५–४, १५–२. त्यांचा शूटर आश्रुबा नावाचा हमाल आहे. हात आहे की मुसळ कळत नाही. मी नेटजवळ बॉल तोंडावर घेतला, तो पॉइंट मात्र आपला धरला नाही.
साहेबांनी माइकवरून जाहीर केलं, रविवारी संध्याकाळी दिनकररावांच्या घरी पंगत. सगळ्यांत जास्त टाळ्या मीच वाजवल्या.

१७ मे
माझं काहीच म्हणणं नाही. गल्लीचं बघावं लागतं. तात्याराव दोनदा ओट्यावर येऊन नुसते बसून गेले. शिवाय आईला चालणार नाही. हे सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, सासूबाई वालूरला हायत, आषाढापत्तर येत न्हाईत. म्हणालो, कळल्यावर त्रास होईल. ती म्हणाली, कोणाला?
उत्तर दिलं नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

१८ मे
उपाय सापडला. पंगत बागेतच. मोकळी हवा, हिरवळ, कार्यक्रम बागेचाच आहे म्हटल्यावर शोभूनही दिसेल. रंगनाथला सांगितलं, घरात उकडतं रे. तो आपला कप धुऊन ठेवत बरं म्हणाला. खूप समजूतदार माणूस.
बागेचा वॉचमन मुंजाजी याला सतरंज्या सांगितल्या. सौ.नं विचारलं, ताटं घरची देऊ का पत्रावळ्या? पत्रावळ्या म्हणालो. तिनं काढलेली ताटं परत फळीवर लावली. पण पोळ्या करणार आहे.

२० मे, संध्याकाळी साडेसात
साडेसहाची वेळ दिली होती. बारा पत्रावळ्या मांडल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर खडा ठेवला. सातपर्यंत कुणी नाही. साहेब येऊन, घड्याळ बघून, नोटीस वाचून गेले. नोटीस काढायची राहिली होती.
सव्वासातला रंगनाथ एकटा आला. इस्त्रीचा शर्ट घालून. बस म्हणालो, बसला नाही. म्हणाला, भाऊ, पोरं म्हणायलीत नोटिशीत घर लिवलंय. बागेत तर आमी रोजच बसतो. मग म्हणाला, घाई न्हाई. तुमच्या घरी जमंल तवा बोलवा.
आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, उकाडा कमी झाला की बघू. आणि स्वतःच्याच कानांना ते ऐकवेना.

२१ मे, सकाळी
काल मी घरी येऊन सौ.ला झालेलं सांगितलं. तिनं लुगडं बदललं, बागेत जाऊन आमरस-पोळ्यांची सगळी भांडी मुंजाजीच्या हातगाडीवर ठेवली आणि भीमनगरला गेली. मी अडवलं नाही. सोबतही गेलो नाही.
रात्री दहाला परत आली. भांडी घासलेली होती. म्हणाली, रंगनाथच्या बायकोनं, गीताबाईनं, पाटावर बसवलं. सगळ्यायला वाढलं, मग आमी दोघी जेवलो.  पुढं म्हणाली, समद्यायनी तुमचं इचारलं. मी म्हणलं, त्यायला लाज वाटायलीय म्हणून आले न्हाईत.
बरं केलंस म्हणालो.
ती भांडी फळीवर लावत होती. मागं न बघता म्हणाली, नवऱ्याची अब्रू राखायची म्हणून एवढं खोटं बोलले.
ते खोटं नव्हतं. काल बागेतल्या सतरंजीवर बसल्यापासून मला लाजच वाटते आहे, दुसरं काही नाही. पण हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला पटलं नसतं.