ह्यांचे कामाचे कपडे

४ फेब्रुवारी

दाढी काढली! अकरा वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, टोचते, काढा — तर म्हणे दाढीशिवाय मी कसातरीच दिसतो. आज गुळगुळीत गाल घेऊन दारात उभे. कारखान्यात सुरक्षेसाठी नवीन मॅडम आल्यात. त्यांचं म्हणणं, दाढी असली की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, फटीतून बेरिलियम धातूची पूड आत जाते आणि छातीत ठाण मांडते. मी सांगून नाही, तिनं एकदा सांगितलं आणि झालं काम.

७ फेब्रुवारी

आज अंघोळ करूनच घरी आले. केस ओले, साबणाचा वास वेगळा. विचारलं तर नवा नियम — पुडीच्या खोलीतून बाहेर पडलं की तिथंच अंघोळ, तिथंच कपडे बदलायचे. मळके कपडे घरी आणायचेच नाहीत, कारखाना धुणार.

मनात पाल चुकचुकली. लग्न झाल्यापासून ते कपडे मी धुतेय.

१२ फेब्रुवारी

मॅडम, मॅडम, मॅडम. जेवताना सुद्धा.

१५ फेब्रुवारी

मी झाडत होते. ह्यांनी हातातून झाडू काढून घेतला. धूळ उडवायची नाही म्हणे, ओल्या फडक्यानं टिपायची — हेही तिचंच. तळपायाची आग मस्तकात गेली. कारखाना तिचा असेल, ही फरशी माझी आहे. हे कामावर गेल्यावर मुद्दाम दोनदा झाडलं.

२० फेब्रुवारी

ह्यांचा जुना निळा डगला स्कूटरच्या डिकीत सापडला. परत द्यायचा राहिलेला. गच्चीवर नेऊन झटकला, खिसे उलटे केले, नाक खुपसून वास घेतला. अत्तर नाही, लांब केस नाही, चिठ्ठी नाही. नुसती करडी धूळ. हायसं वाटलं, पण लगेच वाटलं — बाई फारच हुशार दिसते.

मग धुतला, कडक इस्त्री केली आणि ह्यांच्या पिशवीत ठेवला. बघू दे तिला, ह्या माणसाला बायको आहे.

२२ फेब्रुवारी

हे तोंड पाडून आले. डगला बघून तिनं पहिलं विचारलं, हा घरी कुणी धुतला? ह्यांनी माझं नाव सांगितलं. पूड अंगाला बाधली का ते बघायला आता ह्यांच्याबरोबर माझंही रक्त तपासणार. मी एका पायावर तयार! रक्ताचं काय, मला ती बघायचीय.

२५ फेब्रुवारी

बघितली. साधीच आहे. जाड चष्मा, नखं बारीक कापलेली, ओठांना काही नाही. देखणी असती तर बरं झालं असतं, निदान समजलं तरी असतं.

रक्त घेऊन झाल्यावर तिनं कागद पुढं ओढला.

"इतके दिवस ह्यांचे कपडे कोण धूत होतं?"

"मीच. दुसरं कोण धुणार?"

"धुण्याआधी झटकत होतात?"

"रोज. अकरा वर्षं. झटकल्याशिवाय ती पूड निघतच नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. जिरली! मी मान ताठ करून बाहेर आले. ह्यांनी विचारलं, एवढी खूश का? म्हटलं, काही नाही.

६ मार्च

ह्यांच्या तोंडून आठवडाभर तिचं नाव नाही. मला वाटतं माझ्या उत्तरानं काम केलं. आज ह्यांच्या आवडीची भाजी केली.

१९ मार्च

मॅडम घरी आल्या होत्या. पाणी दिलं, तसंच राहिलं. ह्यांचा रिपोर्ट चांगला आहे. माझा नाही. उद्या छातीचा फोटो काढायचाय. त्या म्हणाल्या, "मी येते सोबत."

मी हो म्हटलं.